टेबलाखालच्या वायरी

हाइनसडोर्फ, १६ डिसेंबर २००६

सीगमार,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावर 'श्रीमती आनेरोझ नॉयबर्ट' असं छापलेलं बघून मला आधी विमा कंपनीचंच काही वाटलं. सख्ख्या बहिणीचं नाव हाताने लिहवेना तुला. असू दे.

तीन प्रश्न विचारलेस, आकडे घालून. उत्तरंही तशीच देते, फाइलला लावायला बरी.

एक. रेल्वे मंडळाच्या ऑक्टोबरच्या सभेत मी डिजिटलच्या बाजूने मत दिलं का? दिलं. सहा विरुद्ध पाच झाले. माझा हात खाली राहिला असता तर बाबांचा टेबलावरच्या छोट्या रेल्वेचा लेआउट आजही त्यांनी ठेवला तसा चालला असता, हे तुझं गणित बरोबर आहे.

दोन. रविवारी स्विच कोणाच्या जबाबदारीवर होता? कामाच्या तक्त्यावर लोथर व्युन्शेंचं नाव होतं. तू सगळ्यांदेखत विचारलंस तेव्हा ते स्वतः 'माझ्याकडे' म्हणाले. ते अध्यक्ष आहेत, त्यांनी ते अंगावर घेतलं.

तीन. तू पलीकडून 'झालं का?' म्हणून विचारलंस तेव्हा 'झालं' कोण म्हणालं? मी. मला वाटलं लोथरनी स्विच फिरवला असेल. स्विचजवळ मीच उभी होते, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

बाकी काय झालं ते तुला माहीत आहेच, तरी लिहून ठेवते. तिकडे कासेलमध्ये तू ते कसं सांगत असशील याचा मला अंदाज आहे.

डिजिटल झालं तर नाताळाच्या प्रदर्शनाला पाय ठेवणार नाही, असं तू मंडळाला कळवलंस. हेम्पेल बेकरीवाला आणि त्याच्या बाजूचे चौघे अडून बसले, की सीगमार नाही तर आम्हीही नाही. म्हणून लोथरनी तोडगा काढला. टेबलाच्या डाव्या कडेला मोठा काळा स्विच बसवायचा. एका बाजूला फिरवला की रुळांत नवा डिजिटल करंट, दुसऱ्या बाजूला फिरवला की जुना. प्रदर्शनाच्या रविवारी तीन ते चार जुना करंट द्यायचा आणि त्या तासात तू बटणांच्या पॅनलवर उभा राहून बाबांनी हाताने बनवलेलं इंजिन चालवायचं. त्या इंजिनात चिप नाही. चिप नसलेलं इंजिन डिजिटल रुळांवर ठेवलं की ते जागच्या जागी गुणगुणत तापतं आणि शेवटी मोटर जळते. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच तर स्विच बसवला होता.

रविवारी तीन वाजता स्विच फिरवलेला नव्हता. तू इंजिन रुळांवर ठेवलंस. ते जळालं. समोर साठ-सत्तर माणसं उभी होती, मुलांना खांद्यावर घेऊन.

मला वाईट वाटलं. हे तू विचारलं नाहीस, पण सांगते.

आनेरोझ


हाइनसडोर्फ, २८ डिसेंबर २००६

सीगमार,

नाताळाचं कार्ड नाही, पण दोन पानी पत्र आलं. त्यात 'बाबांना विकलंस' हे वाक्य दोनदा आहे. मी बाबांना विकलं नाही. विकायला ते माझे कधी होते? ते तुझे होते.

मत का दिलं ते सांगते. तुला कळणार नाही, तरी सांगते.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा बाबा मला पहिल्यांदा मालधक्क्याच्या शेडमध्ये, लेआउटपाशी घेऊन गेले. मला वाटलं गाडी चालवायला मिळणार. त्यांनी मला टेबलाखाली शिरायला सांगितलं. "तुझे हात बारीक आहेत, मुली. ती लाल वायर त्या पितळी पट्टीला लाव." तू तेव्हा सोळा वर्षांचा होतास आणि वर, पॅनलपाशी, त्यांच्या शेजारी उभा होतास. मी खालून विचारायचे, "लावली, आता बघू का?" तू म्हणायचास, "थांब रोझल, अजून पाच आहेत." पाचाच्या पन्नास व्हायच्या. मी बाहेर येईपर्यंत गाडी दोन फेऱ्या मारून स्टेशनात उभी असायची आणि तुम्ही दोघं कोटाची बटणं लावत असायचात.

जुन्या पद्धतीत ते तसंच असतं. रुळांचे बेचाळीस तुकडे, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर, प्रत्येक वायरीला पॅनलवर वेगळं बटण. एकाच माणसाने पॅनलवर उभं राहायचं आणि कुठल्या तुकड्यात करंट सोडायचा ते ठरवायचं. बाकीच्यांनी बघायचं. आधी बाबा उभे राहिले, मग तू. एकोणीसशे नव्वदला तू पश्चिम जर्मनीत, कासेलला गेलास तरी ती जागा तुझीच राहिली. वर्षातून दोन दिवस यायचास, गाडी पार्क करून थेट पॅनलवर. वर्षभर बाबांबरोबर धूळ पुसणारे, वायरींचे तुटलेले डाख पुन्हा देणारे आम्ही कडेला उभे. बाबांचं शेवटचं वर्ष, म्हणजे दोन हजार एक, आठवतंय का? तू नव्हतास, म्हणून तुला आठवणार नाही. अंथरुणावरून मला विचारायचे, "सीगमार आहे ना पॅनलवर?" मी त्यांचा घाम पुसत म्हणायचे, "आहे."

गेल्या वसंतात लोथरनी मला घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी रुळांची एक साधी अंडाकृती मांडली होती आणि वर दोन शंटिंगची इंजिनं होती. खालून फक्त दोन वायरी आलेल्या. प्रत्येक इंजिनाच्या पोटात चिप, प्रत्येकाचा आपला नंबर. त्यांनी माझ्या हातात हँडसेट दिला. म्हणाले, "सात नंबर तुझं, तीन नंबर माझं. मला धडकू नकोस म्हणजे झालं." मी सात नंबर चालवलं. अगदी माणूस चालतो त्या वेगाने. सांधा बदलला, मागे घेतलं, दोन डबे जोडले, पुन्हा पुढे नेलं. मध्येच लोथर कॉफी करायला आत गेले, तरी माझं इंजिन चालत राहिलं. मी छप्पन्न वर्षांची होते आणि पहिल्यांदाच एक गाडी कुणाला न विचारता चालवत होते.

सभेत काय झालं ते हेम्पेलने तुला सांगितलंच असेल, त्याच्या परीने. तो म्हणाला, "माझ्या तेवीस इंजिनांच्या पोटात चिप बसवायची तर आधी त्यांची आतडी काढावी लागतील."

लोथर म्हणाले, "नको बसवूस. कपाटात ठेव. नाहीतरी तू ती वर्षातून एकदाच चालवतोस."

"आणि हे हातातलं यंत्र म्हणजे टीव्हीचा रिमोट. रेल्वे चालवायची तर माणसाने उभं राहून चालवावी, पॅनलवर."

"कोणत्या माणसाने, हेम्पेल? पॅनलवर एकच मावतो. उरलेले दहा जण काय करतात ते सांग."

"बघतात. बघायला मजा येत नाही का?"

त्यावर मी हात वर केला. मत मोजायला अजून वेळ होता. लोथर हसून म्हणाले, "आनेरोझ, अजून नाही." मी तो खाली घेतला आणि मत मोजताना पुन्हा वर केला. एवढंच केलं मी.

पेपरातलं कात्रण तू जोडलंस तेही वाचलं. 'नॉयबर्ट पितापुत्रांनी चाळीस वर्षं खपून उभारलेला लेआउट.' खाली तुझं वाक्य, अवतरणात. ते सगळं आमच्या इथल्या पेपरात आधीच वाचलं होतं. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

आनेरोझ


हाइनसडोर्फ, १४ जानेवारी २००७

सीगमार,

लोथर व्युन्शेंनी राजीनामा दिला, हे तुला कळलं असेलच. तू मंडळाला पाठवलेलं पत्र शुक्रवारी वाचून दाखवलं गेलं. 'ज्या माणसाला एक स्विच फिरवण्याचं भान राहत नाही त्याने माझ्या वडिलांच्या लेआउटवर प्रयोग करू नयेत.' लोथर तिथेच बसले होते. पत्र संपेपर्यंत ते चष्मा पुसत होते. मग उठून शेडच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "चौऱ्याहत्तर झाली माझी. बरं झालं, निमित्त मिळालं." कुणी 'थांबा' म्हणालं नाही. मीही नाही.

ते जाताना मी दारापर्यंत गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "बाहेर निसरडं झालंय, जपून जा." ते म्हणाले, "हो."

आता हेम्पेल अध्यक्ष आहे. तुझी मागणी पुढच्या सभेत येणार, डिजिटल काढून टाका आणि सगळं पूर्ववत करा ही. त्यासाठी फार काही करायला नको. जुनी एकही वायर मी कापलेली नाही. नव्या दोन जाड वायरी वरून जोडल्या आणि जुन्या सगळ्या जागच्या जागी ठेवल्या. तुझ्या बेचाळीस तुकड्यांची बेचाळीस बटणं आजही चालतात. हवं तर त्याबद्दल आभार मान.

लोथर बेफिकीर नव्हते. एवढं तरी मंडळाला लिही. त्यांना बेफिकीर म्हणू नकोस.

आनेरोझ


हाइनसडोर्फ, ११ फेब्रुवारी २००७

सीगमार,

शुक्रवारी सभा झाली. हेम्पेलने तुझा ठराव मांडला. मत घेण्याआधी मी उभी राहिले आणि म्हटलं, "स्विच लोथरकडे नव्हता. त्या दिवशी तो माझ्याकडे होता. मी फिरवला नाही, आणि फिरवला म्हणून सांगितलं."

हेम्पेलने हातातला कागद खाली ठेवला. मग हेम्पेल म्हणाला, "आनेरोझ, तुझा स्वभाव फार चांगला आहे. पण लोथरसाठी एवढं करायची गरज नाही. त्याला कुणी तुरुंगात घालत नाहीये."

"मी खरं सांगतेय."

"तू 'झालं' म्हणाली असशील. लोथरने सांगितलं असेल, तू पुढे सांगितलंस. तुला काय ठाऊक कुठला स्विच कशाचा."

"स्विच मी बसवलाय, हेम्पेल."

त्यावर कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, लहान मुलाला हसतात तसलं होतं. हेम्पेल म्हणाला, "लोथरने बसवला, तू बॅटरी धरलीस. आम्हाला माहीत आहे, आम्ही आभारही मानले होते. बस आता."

मी बसले. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं.

तुझा ठराव सात विरुद्ध दोन असा पास झाला. लोथर नव्हते, एक जण आजारी होता. हँडसेट खोक्यात भरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. नाताळाला तू पॅनलवर उभा राहू शकतोस.

मी जे सभेत म्हटलं ते हेम्पेलने तुला फोनवर सांगितलं असेल, हसत. तू हसणार नाहीस. टेबलाखाली काय आहे आणि ते कुणी केलंय हे ज्यांना माहीत होतं त्यांतले बाबा गेले, जुने सगळे गेले. आता मी, तू आणि लोथर उरलोय.

आज एवढंच. बाकीचं लिहायला घेतलं होतं, पण ते तीनदा फाडलं.

आनेरोझ


हाइनसडोर्फ, ४ मार्च २००७

सीगमार,

आता सलग लिहिते, मध्ये थांबणार नाही.

त्या रविवारी दोन वाजता पेपरची बाई आली. वयाने तिशीची असेल, हातात वही. तू पॅनलजवळ उभा होतास. मी तुझ्यामागे टेबलाखाली होते. जंक्शन स्टेशनचा एक सांधा अडकत होता, त्याची वायर मी ओढून बघत होते. मी खाली आहे हे तुला माहीत होतं. तुझे बूट माझ्या हातापासून वीतभर लांब होते.

तिने विचारलं, "एवढं सगळं कुणी केलं?"

तू म्हणालास, "वडिलांनी आणि मी."

"आणि घरातलं आणखी कुणी?"

"बहीण आहे ना. ती कॉफी बघते. तिच्याशिवाय आमचं प्रदर्शन उपाशी मेलं असतं."

ती बाई हसली. तूही हसलास. मी टेबलाखाली पितळी पट्टी हातात धरून बसले होते. त्या पट्टीवर चौदा डाख आहेत, चौदाही माझे. बाबांच्या हाताचा डाख असा गोळा होऊन बसतो, माझा सपाट असतो. बावीस वर्षं स्विचबोर्डच्या कारखान्यात मी तेच केलं. कारखाना बंद झाला तेव्हा ते काम कुणाला नको होतं, म्हणून मी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसले. पण शेडमध्ये ते काम होतं. तिथे ते माझं होतं. तू ते एका वाक्यात कॉफीत बुडवलंस.

मी बाहेर आले ते तू बघितलंस. "काय गं, सापडलं का?" म्हणालास. मी "सापडलं" म्हटलं आणि कॉफीच्या टेबलावर जाऊन खरोखरच सहा कप भरले.

तीनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही डिजिटलची इंजिनं रुळांवरून उचलत होतो. एक डबा रुळांवरून घसरला, म्हणून लोथर टेबलाच्या पलीकडे अडकले. तिथूनच त्यांनी माझ्याकडे बघून स्विचकडे मान हलवली, म्हणजे तू फिरव. मी मान हलवली, म्हणजे हो. माझा हात स्विचवर होता. नंतर तू विचारलंस, "झालं का?" आणि मी फिरवला नाही. मी म्हटलं, "झालं."

मला एवढंच हवं होतं, की तू सत्तर माणसांसमोर पॅनलवर उभा राहून बटणं दाबत राहावंस आणि काही हलू नये. तू खाली वाकून बघावंस. मग 'रोझल, जरा बघ गं' म्हणावंस, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मी स्विच फिरवला असता. हे मी स्वतःला तीन महिने सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही.

तू इंजिन ठेवलंस. ते लगेच गुणगुणायला लागलं. बाबांचं इंजिन सुरू होताना नेहमीच गुणगुणायचं, म्हणून तुला शंका आली नाही. तू चालत पॅनलपर्यंत गेलास. वेगाचं बटण फिरवलंस, थोडं, मग आणखी. लोक वाट बघत होते. तू परत इंजिनाकडे आलास आणि बोटाने त्याला मागून हलकं ढकललंस, लहान मुलाला चालायला शिकवतात तसं. एवढ्या वेळात पाऊण मिनिट गेलं असेल. माझा हात स्विचवरच होता. पहिल्या दहा सेकंदांनंतर मला गुणगुणण्याचा सूर बदललेला ऐकू आला. मोटरचं वेटोळं तापलं की सूर खाली येतो, कारखान्यात आम्ही तो कानाने ओळखायचो. मला कळलं होतं. हात फिरवायला अर्धा सेकंद लागला असता. मी फिरवला नाही, सीगमार. उरलेली पस्तीस सेकंदं मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग धूर आला, आणि तो वास. बाबांनी पत्र्यावर दिलेला हिरवा रंग फुगून वर आला. तू ते उचललंस आणि बोटं भाजली तरी खाली ठेवलं नाहीस. तेव्हा मी स्विच फिरवला. जुना करंट चालू झाला आणि बाकी सगळं नीट चालू लागलं. म्हणूनच स्विच उशिरा फिरला एवढंच लोकांना कळलं, कुणाच्या हाताने ते नाही.

तू विचारलंस स्विच कुणाकडे होता. मी तोंड उघडणार होते, खरंच. पण लोथर आधी बोलले.

गेल्या रविवारी मी लोथरकडे गेले. टेबलावरची ती अंडाकृती आता नाही. त्यांनी दार उघडलं, पण 'आत ये' म्हणाले नाहीत. मी तिथेच उंबऱ्यावर सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मी समोर उभा होतो. तुझा हात दिसत होता."

"मग तुम्ही 'माझ्याकडे' का म्हणालात?"

"तक्त्यावर माझं नाव होतं. आणि तू पांढरीफटक पडली होतीस. मला वाटलं, लोकांसमोर नको. सोमवारपर्यंत ती स्वतःच सांगेल." त्यांनी दाराची कडी धरली. "सोमवारपर्यंत म्हटलं. मग नाताळापर्यंत. मग जानेवारीच्या सभेपर्यंत. दारात तू मला म्हणालीस, बाहेर निसरडं आहे."

"मी फेब्रुवारीत सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही."

"तुझं डिजिटल जायला लागलं तेव्हा सांगितलंस, आनेरोझ. माझं नाव गेलं तेव्हा नाही."

 मी विचारलं, पुन्हा येऊ का. ते म्हणाले, "नको येऊस. रागावून म्हणत नाहीये. तू आलीस की मला पुन्हा आठवतं, की मी अकरा आठवडे वाट बघत होतो."

त्यांनी दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

हे सगळं मी तुला लिहिते आहे कारण यावर विश्वास ठेवणारा तू एकटाच आहेस. मी चुकून तसं केलं असेन असं तुला कधीच वाटणार नाही. मंडळाला लिहायचं असेल तर लिही. लोथरचं नाव त्यातून निघालं तर निघू दे. तेवढी एकच विनंती.

माफी मागत नाही. मागितली तर तू ती फ्रेम करून ठेवशील.

आनेरोझ


हाइनसडोर्फ, २२ एप्रिल २००७

सीगमार,

मला तू उत्तर दिलं नाहीस. मंडळाला दिलंस. हेम्पेलने परवा ते सभेत वाचून दाखवलं, चार पानं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तुझा तो सरकारी सूर मला ओळखीचा आहे, म्हणून सुरुवातीला फार लक्ष दिलं नाही. मग तो दुसऱ्या पानावर आला.

तुला हे सिद्ध करायचं होतं, की मी ते हेतुपुरस्सर केलं. चूक म्हणून मला कुणी सोडून देऊ नये. त्यासाठी तू लिहिलंस, आणि मी तुझ्याच शब्दांत देते: 'माझ्या बहिणीच्या हातून या लेआउटवर चूक होणे अशक्य आहे. १९६० सालापासून आजपर्यंत त्यातली प्रत्येक वायर तिने जोडलेली आहे. वडील आराखडा सांगत आणि ती काम करी. पुढे पुढे आराखडाही तीच करू लागली. मला स्वतःला पॅनलच्या खाली काय आहे ते कधीच नीट कळलेले नाही. बिघाड झाला तर मी तिला हाक मारत असे. तेव्हा तिला माहीत नव्हते असे कुणी म्हणू नये.'

हेम्पेल वाचता वाचता थांबला. त्याने वर माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. सत्तेचाळीस वर्षांत मंडळाने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मग त्याने पुढचं वाचलं. 'सबब तिचे सभासदत्व रद्द करण्यात यावे.'

चिठ्ठ्यांनी मत घेतलं, आठ विरुद्ध एक. त्या एकाचं नाव मला कळलं नाही. मला बोलायचं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, "लोथरची चूक नव्हती, हे त्यांना पत्र लिहून कळवा." हेम्पेलने ते टिपून घेतलं. लिहिलं की नाही, माहीत नाही. लोथर येणार नाहीत, ते नक्की.

किल्ली दिली. कपाटातून माझा डाख द्यायचा कैया, चिमटा आणि गुडघ्याखाली घ्यायची उशी घेतली. हेम्पेल दारापर्यंत माझ्यामागे आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. म्हणाला, "आनेरोझ, जायच्या आधी एक. म्हणजे अवघड वाटतं विचारायला. खालच्या वायरींचा नकाशा आहे का कुठे?"

"नाही."

"काढून देशील? आम्हाला कुणाला ते... दोन तुकडे कालपासून चालत नाहीयेत."

"कोणते?"

"एकोणीस आणि वीस."

मला माहीत होतं काय झालंय. एकोणीस आणि वीसची पट्टी एक आहे. दमट हवेत तिचा स्क्रू ढिला होतो, अर्धा फेरा आवळावा लागतो. डाव्या हाताने, कारण उजवा तिथे पोचत नाही. मी म्हटलं, "मला काय ठाऊक कुठला स्विच कशाचा."

त्याने मान खाली घातली. माणूस वाईट नाही तो. त्याच्याबद्दल मला जरा वाईट वाटलं, पण सांगावंसं वाटलं नाही.

मग मी त्याच्याकडे तुझ्या पत्राची प्रत मागितली. तो चपापला. "तिची काय गरज? तुझ्याविरुद्धच आहे सगळं."

"नियमाप्रमाणे मिळते ना?"

"मिळते, पण..."

"मग दे."

त्याने आत जाऊन ती काढली, शिक्का मारला आणि सही केली. चार पानं. मी घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आहेत. दुसरं पान वर आहे. बाकीची तीन मी अजून वाचली नाहीत.

आनेरोझ नॉयबर्ट